श्वास ऐकणारे घर हवे

मध्यरात्री मूल खोकत उठते, श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो आणि घरातील वडीलधारे म्हणतात, ‘कफ दाटलाय, सकाळी पाहू.’ ही ‘सकाळ’च कधीकधी घातक ठरते. मुलाचा श्वास ऐकण्याचे काम आपण डॉक्टरांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

वास्तविक ही विद्या अवघड नाही. श्वास घेताना येणारा कर्कश आवाज अडथळा वर, स्वरयंत्राच्या आसपास असल्याचे सांगतो. श्वास सोडताना शिटी वाजत असेल, तर बहुधा छातीतील श्वासनलिका आकसलेल्या असतात. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाळ कण्हत असेल, बरगड्यांखाली खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब नको. धापा टाकणाऱ्या मुलाचा आवाज एकाएकी थांबला, तर ते बरे वाटण्याचे लक्षण मानू नये. हवाच आत जात नसल्याची ती खूण असू शकते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावच्या दायींना व आरोग्यसेवकांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. मोजता न येणाऱ्यांसाठी मण्यांचे साधन तयार केले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यामुळे घटले, हे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६०, वर्षाच्या आतील बाळाचे ५० आणि पाच वर्षांच्या आतील मुलाचे ४० किंवा त्याहून अधिक भरले, तर धोका आहे. निरक्षर दायीला जे साधले, ते आपल्या पदवीधर घरांना का साधू नये?

घशात शेंगदाणा अडकला की आपण पाणी पाजतो, आंधळेपणाने बोट घालतो. दोन्ही घातक. मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब. मोठ्या मुलाला थापांनंतर बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शाळांच्या पालकसभांत, महिला मंडळांत, गणेशोत्सवात एक तास या प्रात्यक्षिकासाठी का असू नये? मुलांवर संस्कार करणे हे घराचे कर्तव्य आहेच. पण त्याआधी त्यांचा श्वास राखणे हेही घराचेच कर्तव्य आहे.