विजेचा झटका आणि ‘सुरक्षित’ हा शब्द

गोळीपेक्षा विजेचा झटका बरा, असे सांगून ‘टेसर’ हे हत्यार अनेक देशांतील पोलिसांच्या हाती देण्यात आले. त्यातून तारांना जोडलेले दोन काटे सुटतात, अंगात रुततात आणि पाच सेकंद माणसाचे स्नायू आखडून टाकतात. सुरा घेऊन धावून येणाऱ्याला गोळी घालण्याऐवजी असे रोखले, तर एक जीव वाचेल, हे आम्हास मान्य आहे. पण व्यवहारात काय घडते?

ऑक्टोबर २००७ मध्ये रॉबर्ट जेकान्स्की हा पोलंडचा प्रवासी आईकडे कायमचा राहण्यासाठी कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर उतरला. त्याला इंग्रजी येत नव्हते. सुमारे दहा तास तो तिथेच अडकून पडला. आई वाट पाहून परत गेली. वैतागून त्याने आदळआपट सुरू केली, तेव्हा चार पोलीस आले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत टेसर चालवले. एकूण पाच वेळा. तो तिथेच मेला. ब्रेडवूड चौकशी आयोगाने २०१० मध्ये हा वापर असमर्थनीय ठरवला. आयोगापुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल त्यांतील दोघांना पुढे शिक्षाही झाली.

२००९ मध्ये खुद्द उत्पादक कंपनीनेच छातीवर नेम धरणे टाळा, असे पोलिसांना सुचवले. तरीही २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात कूमा येथील वृद्धाश्रमात, हाती सुरी असलेल्या पण चाकाच्या आधाराने चालणाऱ्या ९५ वर्षांच्या आजींवर टेसर चालवले गेले. त्या पडल्या आणि दगावल्या. संबंधित पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले.

साथींनो, भाषा न कळणारा, गाडी चुकलेला प्रवासी आपल्याला फलाटावर रोज भेटतो. मनीऑर्डरसाठी चिडलेले म्हातारबाबा टपालाच्या खिडकीवर आपणच शांत केले आहेत. त्याला दोन शब्द बोलणारा माणूस लागतो. माणसांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि भडकलेल्यांना आवरायला हत्यार आणायचे, हे धोरण आम्हास मंजूर नाही.

१९७४ च्या रेल्वे संपात अटकसत्र सोसलेल्या चळवळीची मागणी स्पष्ट असली पाहिजे : असे हत्यार बंदुकीच्या जागीच वापरावे, निःशस्त्र मोर्चावर कदापि नाही, आणि प्रत्येक वापराची चौकशी पोलीस खात्याबाहेरच्या यंत्रणेने करावी.