कार्ड निकामी ठरवण्याआधी

खेळ ऐन रंगात असताना घरच्या संगणकाचा पडदा काळा होतो, क्षणभराने परत येतो आणि कोपऱ्यात सूचना झळकते की डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, तो पुन्हा सुरू केला आहे. आठवड्यात असे तीन-चारदा घडले की घरात निकाल लागतो : ग्राफिक्स कार्ड गेले. हा निकाल पुराव्याआधीच लागतो आणि त्याचा भुर्दंड काही हजारांचा असतो, म्हणून त्याला माझा विरोध आहे. त्या सूचनेचा अर्थ एवढाच असतो की कार्डाने ठरल्या वेळात, साधारण दोन सेकंदांत, काम पुरे केले नाही. सगळा संगणक गोठू नये म्हणून विंडोजने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, नव्याने चालू केला. उशीर का झाला, हे ती सूचना सांगत नाही. ड्रायव्हरमधली चूक, तापलेले कार्ड, अपुरा पडणारा पॉवर सप्लाय, यांपैकी काहीही असू शकते.

तरीही संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा, असे इतिहास सांगतो. 2007 च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तीच ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी रचना घेऊन. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांतल्या 2007 च्या नोंदींनुसार व्हिस्टा कोलमडण्याच्या घटनांपैकी 28.8 टक्के एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीच्या ड्रायव्हरच्या नावावर होत्या. एवढी कार्डे एकदम जळाली नव्हती. नव्या रचनेसाठी लिहिलेले ड्रायव्हर कच्चे होते. 2025 च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्याच आरटीएक्स 50 मालिकेच्या नव्याकोऱ्या कार्डांवर पडदे काळे पडू लागले, तेव्हाही कंपनीने दुरुस्तीचे ड्रायव्हर मागोमाग काढले. मार्च 2010 चे उदाहरण तर गंभीर आहे. एनव्हिडियाच्या 196.75 या आवृत्तीत पंख्याचा वेग बिघडून कार्डे तापत असल्याच्या तक्रारी आल्या, ती आवृत्ती मागे घ्यावी लागली आणि आधीच्या आवृत्तीवर परतण्याचा सल्ला देण्यात आला. ‘आधी अपडेट करून बघा’ हा सर्रास मिळणारा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. कालपर्यंत नीट चालणारे यंत्र अपडेटनंतर बिघडले असेल, तर पहिले पाऊल मागे टाकायला हवे.

दोष कुठे आहे हे बऱ्याच अंशी घरीच कळते. विंडोज सुरू होण्याआधी, संगणकाच्या कंपनीचे बोधचिन्ह दिसते तेव्हाच पडद्यावर रेघा किंवा चौकोन उमटत असतील, तर ड्रायव्हर अजून चढलेलाच नसतो. मग कार्ड, केबल किंवा मॉनिटर तपासावा. तिथे सगळे स्वच्छ असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. ते बटण फिकट असेल तर ड्रायव्हर पूर्ण काढून पूर्वी चाललेली आवृत्ती बसवावी, आणि तेवढा वेळ इंटरनेट तोडावे, कारण विंडोज अपडेट मध्येच आपली आवृत्ती बसवू शकते. सेफ मोडमध्ये पडदा ठीक दिसला म्हणून कार्डाला मात्र निर्दोष ठरवू नये. तिथे कार्डावर खरा ताण येतच नाही.

जुन्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या त्रुटी राहतात, हा आक्षेप खरा आहे. ड्रायव्हर यंत्रणेच्या गाभ्यात चालतो, तिथली फट साधी नसते. पण मागे जाणे ही दोन-चार दिवसांची परीक्षा आहे. दोष ड्रायव्हरचा ठरला की सुधारित आवृत्ती येताच ती घ्यावी. जीटीएक्स 1050 टीआय किंवा 1060 सारख्या जुन्या कार्डांसाठी तर एनव्हिडियाने नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 पर्यंतच देण्याचे ठरवले आणि पुढे ऑक्टोबर 2028 पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. या कार्डांच्या मालकांनी त्याच दुरुस्त्या घ्याव्यात. नव्या कार्डांसाठीच्या आवृत्तीमागे धावू नये.

सामान्य माणसाने हे कशाला करावे, तंत्रज्ञ आहे ना, असेही म्हटले जाते. जरूर द्यावे त्याच्याकडे. पण बिघाड कोणत्या तारखेपासून सुरू झाला, त्याआधी काय बसवले, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4101 क्रमांकाची, म्हणजे ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याची, नोंद किती वेळा आहे, हे लिहून द्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नवे कार्ड घेण्याआधी, जुने कार्ड दुकानातल्या दुसऱ्या यंत्रात बसवून चालवून दाखवा, असे सांगावे. तिथेही पडदा काळा झाला, तर पैसे द्यायला हरकत नाही.