चौकडी राहू द्या, चांडाळ काढा

परवा पुतण्याने चार मित्रांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. नाव काय, तर 'चांडाळचौकडी'. मी हटकलं तर म्हणतो, "मोठेबाबा, गंमत आहे हो. अर्थ केव्हाच बदलला त्याचा."

बदलला हे खरंच. दुर्योधन, दुःशासन, शकुनी, कर्ण ही कीर्तनातली चांडाळचौकडी. १९७६ साली माओ गेल्यावर महिन्याच्या आत त्याची बायको च्यांग चिंग आणि तिचे तीन साथीदार पकडले गेले, त्यांनाही मराठीत हेच नाव चिकटलं. आणि चहाच्या टपरीवरचे चार रिकामटेकडे, तेही चांडाळचौकडीच! यूट्यूबवर या नावाची मालिका आहे, गावोगाव बघतात. मीही हसत हसत बघितली आहे, खोटं कशाला सांगू?

पण मंडळी, चिनी शब्दात आहेत फक्त चार माणसं आणि त्यांची टोळी. इंग्रजीतही तेवढंच. १९८१ मध्ये इंग्लंडात मजूर पक्षातून फुटून नवा पक्ष काढणारे चार सभ्य पुढारीसुद्धा 'गँग ऑफ फोर' म्हणवले गेले. त्यात चांडाळ कुठे आहे? तो आपण घातला, पदरचा.

हा चांडाळ कोण? मनुस्मृतीने शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांच्या लेकराला हे नाव दिलं. गावाबाहेर राहा, फुटक्या भांड्यात जेवा, प्रेतावरची वस्त्रं नेसा, असं सांगितलं. त्याने कुठला कट केला, कुणाचं राज्य बुडवलं? जन्मला, एवढाच गुन्हा. बंगालातल्या लाखो लोकांच्या माथी सरकारदरबारी हेच नाव होतं. त्यांनी चळवळ करून १९११च्या जनगणनेत ते काढायला लावलं आणि नामशूद्र हे नाव घेतलं. त्यांना जाऊन सांगा, गंमत आहे म्हणून! (ज्योतिषांचा 'गुरुचांडाळ योग' तर मी सोडूनच देतो. त्यावर एकदा वेगळं लिहीन.)

"मग काय शब्दकोश जाळायचे?" नाही रे बाबा. जुन्या ग्रंथात शब्द राहील, अर्थ सांगून शिकवावा. शिवी म्हणून वापरू नये, एवढंच म्हणतो.

आणि हे सांगणारा मी कोण? १९७९ साली आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत मागच्या बाकावरच्या चार पोट्ट्यांना मी वर्षभर याच नावाने हाक मारली. वर्ग हसायचा. चौघांतले तिघे हसायचे. चौथा बौद्ध वस्तीतून यायचा, तो खाली बघायचा. मला वाटायचं, लाजाळू आहे. जमनालालजींनी १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुलं केलं, ही गोष्ट मी त्याच वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत होतो. दिवाळीनंतर तो पोरगा बाक सोडून एकटा खिडकीपाशी बसू लागला. का, ते मी विचारलंसुद्धा नाही.

पुतण्या म्हणतो, मग दुसरं नाव सुचवा. अरे, नुसतं 'चौकडी' ठेव. चारच तर आहात.