चोवीस व्होल्टच्या घरात बारा व्होल्टचे दिवे

गेल्या वर्षी याच सदरात शेतावरच्या सौर व्यवस्थेविषयी मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. व्यवस्था वाढवून घेतल्याचा आणि मोटर फिरू लागल्याचा आनंद त्या लेखात होता. त्याच व्यवस्थेतली माझी एक चूक आता सांगणे प्राप्त आहे. त्या लेखानंतर काही वाचकांनी आपल्या शेतघरी तसेच काम करून घेतल्याचे कळवले. त्यांच्यापैकी कोणाच्या दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एखादी तिसरी तार निघालेली असेल, तर त्यांनी ती आजच सोडवून घ्यावी, अशी विनंती आधीच करून ठेवतो.

करमाळा तालुक्यातील आमच्या शेतावर विजेचा खांब अद्याप पोचलेला नाही. तेथे सालगडी, त्याची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी राहतात. आरंभी १२ व्होल्टची एक बॅटरी आणि दोन लहान पॅनेल एवढाच संसार होता. त्यावर ७ वॉटचे चार दिवे, १२ व्होल्टवर चालणारे दोन पंखे, फाटकावरचा कॅमेरा आणि टाकीत पाणी चढवणारा ६० वॉटचा छोटा पंप ही उपकरणे वर्षानुवर्षे तक्रारीविना चालली. पुढे ठिबकच्या पाण्यासाठी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर हवी झाली. तेवढ्यासाठी १२ व्होल्टवर इन्व्हर्टर चालवायचा, तर बॅटरीतून ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो आणि मोटर सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. व्होल्टेज दुप्पट केले की त्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी घट चौथाईवर येते. चार्ज कंट्रोलरचेही तसेच. ४० अँपिअरचा कंट्रोलर १२ व्होल्टवर पाचशे वॉटच्या पॅनेलांपर्यंत पुरतो, २४ वर हजारापर्यंत. म्हणून १५० अँपिअर-तासांच्या दोन नव्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केले. हा निर्णय योग्यच होता आणि आजही मी त्याच मताचा आहे.

प्रश्न जुन्या उपकरणांचा आला. चांगले चाललेले दिवे-पंखे टाकून देणे कोणत्याही व्यापारी घराला रुचणारे नव्हे. थेट जोडता येत नाहीत, कारण २४ व्होल्टची म्हणवणारी बॅटरी भरताना २८.८ व्होल्टपर्यंत चढते. कंत्राटदाराने तोडगा सुचवला : दोन बॅटऱ्या आहेत, प्रत्येक १२ व्होल्टची, खालच्या एकीवरून तार काढू, जुने सारे तिच्यावर चालेल, कन्व्हर्टरचा खर्च वाचेल. मला तो हिशेब इतका सरळ वाटला की मी मान डोलावली. वाचलेली रक्कम बॅटऱ्यांच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नव्हती.

अकरा महिन्यांनी सालगडी म्हणाला, “मालक, एक बॅटरी लई पाणी पिती अन् दुसरी तोंड लावंना.” वरच्या बॅटरीत दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे, खालची भरलेली ती भरलेलीच. मी ते हसण्यावारी नेले. कंट्रोलरच्या पडद्यावर २४.७ व्होल्ट दिसत होते, मग काळजी कसली? त्यानंतर दिवे रात्री दहाच्या आत मंद होऊ लागले आणि एका रात्री पूर्ण विझले. मुलीला बाहेर नेण्यासाठी आईने दार उघडले, तेव्हा पायरीवर घोणस पसरलेली होती. मोबाइलच्या उजेडात ती दिसली म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी त्याने हे मला सांगितले ते तक्रारीच्या सुरात नव्हे, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले.

दोष शोधून दिला तो कोणा सौर अभियंत्याने नव्हे. टेंभुर्णीच्या नाक्यावर ट्रकांचे वायरिंग करणारा एक मिस्त्री आहे, त्याला शेतावर घेऊन गेलो. मोठे ट्रक दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टवर चालतात, मोटारी आणि ट्रॅक्टर १२ वर, हे आपणांपैकी वाहतुकीच्या धंद्यातील मंडळींना ठाऊकच आहे. ट्रकमध्ये मोटारीचा टेप बसवायचा म्हणून एकाच बॅटरीवरून तार ओढणारे चालक त्याने आयुष्यभर पाहिले होते. झाकण उघडताच तो म्हणाला, “शेठ, हा टेपचा रोग आहे.” मग त्याने मीटर लावून दाखवला. वरची बॅटरी १२.८, खालची ११.९. बेरीज २४.७.

भागीदारीच्या खात्याशी याची तुलना केली की सारे उलगडते. पेढीची एकूण शिल्लक ठीक दिसते, पण दोघा भागीदारांपैकी एकच रोज उचल करतो आहे. कंट्रोलर हा केवळ तळबेरीज पाहणारा मुनीम. वैयक्तिक खाती त्याच्यापुढे येतच नाहीत. आमची जुनी उपकरणे दिवसाला सुमारे ५०० वॉट-तास वीज घेत, म्हणजे १२ व्होल्टच्या हिशेबाने चाळीसहून अधिक अँपिअर-तास, १५० च्या बॅटरीचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग. ही सारी उचल खालच्या बॅटरीवर. सकाळी भरणा मात्र दोघींना सारखाच, कारण एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांतून एकच प्रवाह वाहतो. वरची लवकर भरते आणि उतू जाते. २८.८ व्होल्टची बेरीज पुरी होण्यासाठी तिच्या वाट्याला १५.६ येतात आणि खालचीच्या वाट्याला १३.२. वरचीचे पाणी वायू होऊन उडते, तर खालची कधीच पूर्ण भरत नाही आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. आणखी एक गोष्ट मिस्त्रीने दाखवली, ती मला अधिक गंभीर वाटते. बॅटरी उतरली की पुरवठा तोडण्याची सोय कंट्रोलरच्या ‘लोड’ जोडणीत असते. आमची तार बॅटरीवरून परभारे गेल्यामुळे तिला तो पहारा नव्हताच. दिवे विझेपर्यंत खालची बॅटरी पिळली जात होती.

दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. एकच बदलून भागत नाही, कारण जुनी आणि नवी एकापुढे एक जोडली की तोच असमतोल पुन्हा सुरू होतो.

आता उपायाकडे वळू. सर्व काही २३० व्होल्टचे करून इन्व्हर्टरवर टाकावे, असा सल्ला पुष्कळांनी दिला. ज्यांच्याकडे फ्रिजसाठी इन्व्हर्टर अहोरात्र चालूच असतो, त्यांना तो सल्ला मानवेल. आमचा इन्व्हर्टर मात्र काही काम नसतानाही २० वॉट खातो. चोवीस तासांचे ४८० वॉट-तास झाले. दिवे, पंखे आणि कॅमेरा मिळून जेवढे जेवतात, जवळजवळ तेवढेच वाढप्याचे जेवण! म्हणून इन्व्हर्टर दिवसा मोटरीपुरता आणि मिक्सरपुरता लावायचा, रात्री बंद ठेवायचा आणि जुनी उपकरणे २४ चे १२ करणाऱ्या डीसी कन्व्हर्टरवर चालवायची, असे ठरवले. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास घट जाते, ती सोसवते. मधे रोधक घालून व्होल्टेज पाडण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये. तीत निम्मी वीज नुसती तापण्यात जाते, आणि दिव्यांची संख्या बदलली की व्होल्टेजही बदलते.

कन्व्हर्टर घेताना उपकरणांच्या वॉटची बेरीज करून तिला १२ ने भागावे. आमचे ६४ वॉट, म्हणजे साधारण साडेपाच अँपिअर. मी १० अँपिअरचा घेतला. तो थेट बॅटरीला न जोडता कंट्रोलरच्या लोड जोडणीवर घेतला, म्हणजे बॅटरी उतरताच दिवे आपोआप थांबतात आणि मुद्दल वाचते. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक तारेला बॅटरीलगत फ्यूज हवाच. कोणी नव्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या असतील, तर त्या भरताना २९.२ व्होल्टपर्यंत जातात, तेव्हा कन्व्हर्टर तीसच्या पुढचे व्होल्टेज सोसणारा आहे ना, हे त्यावरील छाप वाचून पाहावे. काही उपकरणांवर ‘१२/२४’ असे स्पष्ट छापलेले असते. मोटारीत लावायचे मोबाइल चार्जर पुष्कळदा तसे असतात. त्यांना कन्व्हर्टरची गरज नाही. आणि एखादा दिवा गेलाच, तर नवा २४ व्होल्टचाच घ्यावा. तो ट्रकांच्या विद्युत सामानाच्या दुकानात सहज मिळतो.

पंपाचे गणित निराळे आहे. तो बॅटरीपासून २० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १२ व्होल्टने ५ अँपिअर नेले, तर वाटेतच जवळपास दीड व्होल्ट गळतो आणि पंपाला साडेदहाच मिळतात. तीच तार २४ व्होल्टने वापरली, तर प्रवाह अडीच अँपिअर आणि गळती पाऊण व्होल्टच्याही आत. म्हणून पंपाचा कन्व्हर्टर बॅटरीच्या खोलीत न ठेवता पंपाशेजारी ठेवायचा. त्याला स्वतंत्र कन्व्हर्टर द्यायचे दुसरे कारण असे, की मोटर सुरू होताना क्षणभर बराच अधिक प्रवाह मागते आणि तेवढ्यात सामाईक कन्व्हर्टरवरचे दिवेही मिचकतात. बटणेही डीसीसाठी बनवलेली घ्यावीत. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटणातील ठिणगी आपोआप विझते. डीसीला तो विसावा नसतो, ठिणगी रेंगाळते आणि बटण जळते.

आता दर रविवारी सकाळी, पॅनेलवर ऊन येण्यापूर्वी, सालगडी दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळा मीटर लावतो आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. गेल्या रविवारचे आकडे १२.५ आणि १२.५ होते. पंपाचा कन्व्हर्टर मात्र अजून यायचा आहे, तोवर टाकी बादलीने भरणे चालू आहे.