काबो आणि पर्वरी यांच्यामध्ये

केरीत तेरेखोलच्या फेरीची वाट पाहताना राजकारणाचा विषय निघाला की कोणीतरी विचारतेच, ‘सरकार ठरवते कोण, आमचे मत की राजभवन?’ हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २ फेब्रुवारी २००५ ची रात्र आम्हांला अजून आठवते.

भाजपचे चार आमदार राजीनामे देऊन गेले होते आणि मनोहर पर्रीकरांचे सरकार डळमळत होते. पर्वरीच्या विधानसभेत विश्वासदर्शक ठराव आला. सभापती विश्वास सतरकर यांनी एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढले आणि ठराव संमत झाला. काही तासांतच काबोच्या राजभवनातून राज्यपाल एस. सी. जमीर यांनी सरकार बरखास्त केले व प्रतापसिंह राणे यांना शपथ दिली. बहुमत सभागृहातच तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात सांगितले होते. पण सभागृहच सरळ चालले नसेल तर? जमीर यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते. तरीही उपाय पुन्हा मतदान घेण्याचा होता, रातोरात शपथ देण्याचा नव्हे, असे आम्हांला वाटते.

पुढे ४ मार्चला राण्यांच्या ठरावावेळी हंगामी सभापतींनी समोरच्या बाजूच्या एका आमदाराला मतदान करू दिले नाही आणि स्वतःचे निर्णायक मत टाकले. युक्ती तीच, माणसे दुसरी! लगेच राष्ट्रपती राजवट लागली.

पोर्तुगालात राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडून देते, म्हणजे त्याचे वजन आपल्या नेमलेल्या राज्यपालापेक्षा जास्त. तिथे २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कावाको सिल्वा यांनी सर्वांत मोठ्या आघाडीला सरकार बनवू दिले. डाव्यांचे बहुमत असलेल्या संसदेने ते दोन आठवड्यांच्या आत पाडले, आणि मूळ गोव्याच्या घराण्यातले आंतोनियो कोश्ता पंतप्रधान झाले. राष्ट्राध्यक्षांना ते मनापासून रुचले नव्हते, पण मोजणी मान्य करावी लागली.

आपल्याकडे २०१७ मध्ये काँग्रेसचे १७ आणि भाजपचे १३ आमदार आले, तरी राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी बोलावले पर्रीकरांना. त्यावर वाद झालाच. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १६ मार्चला मोजणी सभागृहात झाली, २२ विरुद्ध १६.

आमच्या मांद्रे मतदारसंघाचे दुखणे त्याही पुढचे. त्याच निवडणुकीत इथे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना हरवून काँग्रेसचे दयानंद सोपटे निवडून आले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते राजीनामा देऊन भाजपात गेले. एप्रिल २०१९ मध्ये केरीकर पोटनिवडणुकीसाठी पुन्हा रांगेत उभे राहिले. सोपटे तेच, निशाणी दुसरी, आणि निवडूनही तेच आले.