दाराची कळ कोणाच्या हाती?

गेल्या उन्हाळ्यात आमचे भाईजान कुवेतहून सुट्टीवर आले. सामानात नेहमीप्रमाणे खजूर होते, अत्तर होते आणि त्यांच्या जोडीला काडेपेटीएवढी एक पांढरी डबी होती. "ही गॅरेजच्या मोटरला लावायची. मग मी तिथून फोनवर दार उघडीन आणि बंदही करीन," भाईजान म्हणाले. अम्मीने तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "तू कुवेतमधून दार उघडलंस तर आत कोण येणार रे?" सगळे हसले. अम्मीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले.

आमचे घर दापोली तालुक्यात, खाडीकाठच्या गावात. भाईजानने हौसेने बांधलेले. खाली गॅरेज, त्याला पत्र्याच्या पट्ट्यांचे, वर सरकत जाऊन छताला समांतर राहणारे दार आणि छताला टांगलेली मोटर. गाडी बाहेर निघते ती भाईजान आले की. एरवी तिथे भाताची पोती, सुकवलेले आमसूल, नारळ आणि मुलांच्या सायकली. दुपारी दार उघडले की खाडीवरचा वारा आत येतो, म्हणून अम्मीची बैठकही तिथेच.

आम्ही पेशाने शिक्षक. वर्गात मराठी आणि उर्दू शिकवतो. वायरींशी आमचा संबंध फ्यूज बदलण्यापुरताच. पण आमचा एक जुना विद्यार्थी आता वायरमन आहे. तो शिडीवर चढला, आम्ही खालून शिडी धरली आणि त्या दिवशी गुरू तो झाला.

त्याने समजावले ते असे. गॅरेजच्या भिंतीवर दारावरच्या बेलसारखे बटण असते. त्यातून दोन बारीक वायरी मोटरपर्यंत जातात. बटण दाबले की त्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि मोटर हलते. दार बंद असेल तर उघडते, चालू असताना पुन्हा दाबले तर थांबते, आणखी एकदा दाबले तर उलट जाते. बटण कोणी दाबले, का दाबले, हे मोटरला कळत नाही. तिला फक्त 'चिकटले' एवढेच कळते. पांढऱ्या डबीत रिले असतो. फोनवरून निरोप आला की तोही त्याच दोन वायरी अर्धा सेकंद चिकटवतो आणि सोडतो. म्हणजे भिंतीवरच्या बटणाला न दिसणारे दुसरे बटण जोडले, की झाले 'स्मार्ट' दार.

यात एक पथ्य मात्र आहे. काही डब्यांच्या बाहेरच्या टोकांतून घरातली २३० व्होल्टची वीजच बाहेर येते. ती दिवा लावायला ठीक. मोटरच्या बटणाच्या टोकांना ती दिली तर मोटरचे सर्किट जळून जाते. इथे लागतो तो फक्त दोन टोके जुळवणारा रिले, ज्याच्या टोकांत स्वतःची वीज नसते. वायरमन याला 'ड्राय कॉन्टॅक्ट' म्हणतात. डबी घेताना हा शब्द विचारून घ्यावा.

तर डबी लागली. भाईजानने अंगणात उभे राहून फोनवर दार वरखाली करून दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुट्टी संपली, भाईजान परत गेले.

ऑगस्टमधली एक दुपार. पावसाने उघडीप दिली होती. अम्मी गॅरेजच्या उंबऱ्यापाशी चटई टाकून बसलेली, पुढ्यात सूप, शेजारी तिचा वॉकर. इथे चार वाजले होते, कुवेतमध्ये दीड. सकाळच्या फोनवर भाईजानने ऐकले होते, की नारळ उतरवायला माणूस येणार आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या मनात आले, दार उघडेच राहिले असेल, घरात बायकामाणसे आहेत. काळजीपोटी त्यांनी फोन काढला आणि कळ दाबली.

दार निघाले. अम्मीला अलीकडे कमी ऐकू येते. आमची धाकटी तिथेच अभ्यास करत होती. ती ओरडली आणि तिने अम्मीला चटईसकट मागे ओढले. वॉकर दाराखाली सापडला. दार त्यावर टेकून लगेच उलटायला हवे होते. ते दाबत राहिले, वॉकरचा पाइप वाकला आणि मगच दार थांबून वर गेले. अम्मीला खरचटलेही नाही, अलहम्दुलिल्लाह. पण रात्री भाईजानला सांगितले, तेव्हा फोनच्या पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही.

दोष कोणाचा? वर्गात उत्तर चुकले की आम्ही मुलांना मागे जाऊन पायऱ्या तपासायला सांगतो. तेच इथे केले. चूक एक नव्हती, चार होत्या आणि प्रत्येक चूक लहान होती.

पहिली चूक फोटोसेलची. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीलगत, समोरासमोर दोन डोळे बसवतात. त्यांच्यामधून अदृश्य किरण जातो. तो कशानेही अडला की उतरते दार पुन्हा वर जाते. आमच्या मोटरबरोबर हे डोळे आलेले होते, पण पहिल्या मिस्त्रीने ते बसवलेच नव्हते. त्याच्या टोकांत वायरचा तुकडा अडकवून त्याने मोटरला 'वाट मोकळी आहे' असे कायमचे खोटे सांगून ठेवले होते. खोके अजून माळ्यावर पडून होते. अमेरिकेत मुले अशा दारांखाली सापडून दगावली, तेव्हा तिथे नियम झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेजच्या मोटरला फोटोसेल किंवा दाराच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी, असे काही तरी संरक्षण असलेच पाहिजे. फोटोसेल जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर लावायचा नाही, असेही तिथे बजावतात, कारण रांगते मूल त्याखालून निसटू नये.

दुसरी चूक जोराची. पावसात स्प्रिंगा आणि रूळ गंजले, दार अडखळू लागले. तेव्हा तेलपाणी करण्याऐवजी मिस्त्रीने मोटरचा जोर वाढवून दिला होता. जोर वाढवला की दार अडथळ्यालाही गंज समजते आणि रेटत राहते. म्हणून त्या दिवशी ते वॉकरवर टेकून उलटले नाही.

तिसरी चूक अशी, की भाईजानकडे कळ होती, पण डोळा नव्हता. दार उघडे आहे की बंद, हे डबीला कळतच नव्हते. तिला फक्त आपण वायरी चिकटवल्या, एवढेच ठाऊक. दार बंद असते तर भाईजानच्या त्याच कळीने ते उघडून सताड राहिले असते आणि त्यांना वाटले असते, बंद केले.

चौथी चूक सगळ्यांत मोठी, आणि ती वायरीत नव्हती. दार हलण्याआधी घरातल्यांना कोणी विचारलेच नाही.

दुरुस्ती त्याच क्रमाने झाली. आधी माळ्यावरचे डोळे खाली आले. विद्यार्थ्याने वायरचा तुकडा काढून ते जागेवर बसवले. स्प्रिंगांचे काम मात्र त्याने केले नाही. त्या प्रचंड ताणात असतात, सुटल्या तर हात तोडतील, म्हणून दार बसवणाऱ्या जाणकारालाच बोलावले. त्याने दार मोटरपासून सोडवून हाताने अर्ध्यावर नेले आणि सोडले. दार तिथेच तोलून राहिले, म्हणजे स्प्रिंगा बरोबर. मग मोटरचा जोर कमी केला. दीड इंच जाडीची फळी उंबऱ्यावर आडवी ठेवून दार खाली सोडले. फळीला टेकताच ते उलटले. ही फळी आता गॅरेजच्या कोपऱ्यात कायमची उभी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकटी ती परीक्षा घेते आणि कॅलेंडरवर खूण करते.

दाराची खबर देण्यासाठी चौकटीला चुंबकाचा छोटा सेन्सर लावला. एक तुकडा दाराला, एक चौकटीला. दोन्ही जवळ आले म्हणजे दार पूर्ण बंद. रत्नागिरीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने रास्पबेरी पाय नावाच्या हाताएवढ्या संगणकावर 'होम असिस्टंट' ही मोफत प्रणाली बसवली. सेन्सर आणि रिले आता तिलाच कळवतात आणि तिचेच ऐकतात. फोनवरून दार बंद करायचे असेल, तर आधी दहा सेकंद भोंगा वाजतो आणि दिवा लुकलुकतो, मग दार निघते. अम्मीला भोंगा नाही ऐकू आला, तरी दिवा दिसतो.

भाच्याने आणखी एक गोष्ट पाहिली. आपल्याकडे वीज जाते-येते. काही रिले वीज परत येताच स्वतःच एकदा 'टक्' करतात आणि तेवढ्यात दार उघडते. म्हणून डबी बसवल्यावर मेन स्विच चार-पाच वेळा बंद-चालू करून पाहावा. आमच्या डबीत 'वीज आल्यावर बंदच राहा' अशी सोय होती, ती लावली.

घरातल्या घरात चालणारी प्रणाली का, असे कोणी विचारील. पूर्वीच्या डबीत आमची कळ आधी परदेशातल्या कंपनीच्या संगणकावर जायची आणि तिथून आमच्या गॅरेजमध्ये यायची. २०२३ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 'नेक्स' नावाच्या कंपनीच्या गॅरेज-यंत्रांबद्दल इशारा दिला. त्यांच्या यंत्रणेत पासवर्ड आतच कोरलेला होता. तो ज्याला सापडेल त्याला अनोळखी लोकांची दारेही उघडता आली असती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेंबरलेन या मोठ्या कंपनीने आपल्या 'मायक्यू' सेवेला बाहेरच्या अनधिकृत प्रणालींनी जोडण्याची वाट बंद केली. होम असिस्टंटमधूनही ती जोडणी काढावी लागली. लोकांची मोटर तीच, दार तेच, पण घरातल्या प्रणालीला ते उघडता येईना. आपल्या घराची कळ दुसऱ्याच्या दुकानात ठेवली, तर दुकानदार कुलूप बदलू शकतो, एवढे आम्ही यातून शिकलो.

आता चौथ्या चुकीकडे येऊ. तिला कोणताही सेन्सर पुरा पडत नाही. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, की कोणाच्या घरी गेलात तर दाराशी थांबा, सलाम करा, आतून 'या' म्हटले तरच उंबरा ओलांडा. आवाज आला नाही तर परत फिरा. आपल्याच आईच्या खोलीत जातानाही चाहूल देऊन जावे. आमच्या लक्षात आले, की फोनमधली कळ हा अदब विसरायला लावते. समुद्रापलीकडचा हात थेट घरात येतो आणि 'येऊ का?' असे विचारत नाही. त्या हातात प्रेम असले तरी त्याला डोळे नसतात.

यावर घरात बैठक झाली. भाईजान व्हिडिओ कॉलवर होते. आम्हाला वाटले होते, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी स्वतःच सांगितले, "कळ माझ्याकडे नको. मला फक्त खबर येऊ दे." तसेच केले. रात्री दहानंतर दार उघडे राहिले, तर भाईजानच्या आणि आमच्या फोनवर संदेश येतो. मग ते घरी फोन करतात, "दार उघडं आहे का?" घरातले कोणी तरी उठून, पाहून बंद करते. या निमित्ताने अम्मीशी दोन शब्द होतात, ही वरची कमाई.

फोनवरून दार चालवण्याची मुभा आता घरात राहणाऱ्यांनाच आहे, तीही दार नजरेसमोर असेल तर. भिंतीवरचे बटण मुलांचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर, दार दिसेल अशा जागी नेले. मोटरच्या रुळाला लाल मुठीची दोरी लोंबते. वीज नसेल तेव्हा ती ओढली की दार मोटरपासून सुटते आणि हाताने उचलता येते. दार खाली असतानाच ती ओढायची, नाहीतर स्प्रिंग तुटलेली असल्यास दार धाडकन कोसळू शकते. हे घरातल्या प्रत्येकाला करून दाखवले आणि प्रत्येकाकडून करून घेतले.

तुमच्यापैकी अनेकांचे भाऊ, मुलगे, जावई परदेशात आहेत. सुट्टीवर येताना तेही अशा डब्या आणतील आणि हौसेने लावतील. जरूर लावा. त्याआधी फोटोसेल जागेवर आहे का पाहा, फळीची परीक्षा घ्या, सेन्सर लावा आणि त्या दाराशी दिवसभर कोण वावरते ते आठवा. कळ द्यायची असेल, तर त्यालाच विचारून द्या.

अम्मीला नवा वॉकर आणला. जुना तिने टाकू दिला नाही. गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे, वाकलेल्या पाइपासकट. या वर्षी भाईजान आले, त्यांनी गाडी अंगणात थांबवली आणि हॉर्न न वाजवता दाराशी येऊन सलाम केला. अम्मी उठली, वॉकर सरकवत बटणापर्यंत गेली आणि दार तिने उघडले.