‘क्रमशः’ खोडताना

जुन्या कृष्णधवल कलाकृतींना रंग चढवण्याचा विषय निघाला की वाद रंगांपाशीच अडकतो. आमच्या मते खरा अपराध कुंचल्याचा नाही, कात्रीचा आहे.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतील डालेकांची पहिली कथा टेरी नेशन यांनी लिहिली. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या काळात ती सात साप्ताहिक भागांत दाखवली गेली. नोव्हेंबर २०२३मध्ये, मालिकेच्या साठीनिमित्त, बीबीसीने ती रंगवून पुन्हा आणली. पण जवळजवळ तीन तासांची कथा ७५ मिनिटांत कोंबून आणि तीत नवे संगीत भरून. डिसेंबर २०२४मध्ये १९६९च्या ‘द वॉर गेम्स’चीही तीच गत झाली. तिचे दहा भाग दीड तासात उरकले.

मूळ कथेच्या पहिल्या भागाचा शेवट आठवा. निर्मनुष्य शहरात एकटी पडलेली बार्बरा भिंतीला टेकते. तिच्या रोखाने काहीतरी येते. आपल्याला त्याचा केवळ पुढे आलेला हात दिसतो, आणि भाग संपतो. तो हात कोणाचा, हे कळायला प्रेक्षकाला आठवडाभर थांबावे लागले. हे थांबणे कथेबाहेरचे नव्हते. भय त्या सात दिवसांतच वाढत होते. लेखकाने रचलेला हा विराम ‘संथपणा’ ठरवून कापायचा अधिकार संकलकाला कोणी दिला?

मराठी वाचकाला हे निराळे सांगायला नको. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून क्रमशः आली. ‘क्रमशः’ ही छापखान्याची सोय खरी, पण कथनाची घडणही तिनेच ठरते.

‘मूळ प्रत आहेच की!’ असे यावर म्हटले जाते. आहे, हे मान्य. पण ज्या संस्थेने साठ-सत्तरच्या दशकांत याच मालिकेच्या अनेक भागांच्या फिती पुसून टाकल्या, तिच्या वारशाबाबत ‘आहेच’ हा शब्द आम्ही जपून वापरू. शिवाय नव्या प्रेक्षकाच्या हाती आधी पडते ती रंगीत, आटोपशीर प्रत. आणि हाती पडेल तेच मूळ, अशी त्याची समजूत होते.

रूपांतर करू नये, असे आमचे म्हणणे नाही. त्याला रूपांतर म्हणावे, इतकीच मागणी आहे. संक्षिप्त आवृत्ती चाळून कादंबरी वाचल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण वर्गात काय म्हणतो?